एक बोट खाली

सुगंधाबाईंनी पाट गाडीच्या तोंडासमोर सरकवला, गुडघ्यांवर हात टेकून त्या बेताबेताने त्यावर बसल्या आणि बंपरखालून उजवा हात आत घातला. डाव्या हातात औषधाची जुनी काचेची बाटली होती, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी अजून बाजूला चिकटलेली. त्यांनी रेडिएटरची खालची तोटी अर्धा फेरा फिरवली. हिरवट पाण्याची बारीक धार बाटलीत पडू लागली. एक डोस. दोन. तीन. तोटी बंद.

"झालं गं बाई," त्या गाडीला म्हणाल्या.

दिवेलागणीची वेळ होती. कुंपणापलीकडून कुणी पाहिलं असतं, तर डॉक्टरीणबाई रोज संध्याकाळी पाटावर बसून गाडीची धार काढतात, हे चिंचणी गावभर व्हायला वेळ लागला नसता. पण सहा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. कुंपणाची मेंदी दाट होती.

उठून त्यांनी रेडिएटरचं वरचं झाकण पुन्हा घट्ट बसवलं, बॉनेट आवाज न करता खाली घेतलं आणि बाटली घेऊन त्या घरात आल्या. जिन्याखाली निळा कॅन होता. त्याच्या तोंडाला नरसाळं लावून त्यांनी बाटलीतलं पाणी परत त्यात ओतलं. टाकायचं तरी कुठे? हे पाणी चवीला गोड असतं, मांजराने चाटलं तर मरतं, असं गाडीच्या ड्रायव्हरने, गोमाने, एकदा सांगितलं होतं. आणि अंगणात मनी होती, मनीची चार पिल्लं होती. शिवाय चांगली वस्तू फेकून द्यायची रीत त्या घरात नव्हती. डॉक्टरांनी आयुष्यभर लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर औषधं लिहून दिली होती.

उद्या नऊ वाजता गोमा येणार, याच कॅनमधलं हेच पाणी गाडीत भरणार. संध्याकाळी सुगंधाबाई ते काढणार. पाणी बिचारं सहा वर्षं जिन्याखालून गाडीत आणि गाडीतून जिन्याखाली हेलपाटे घालत होतं.

हात धुताधुता फोन वाजला. पालघरहून रूपालीचा, त्यांच्या मुलीचा.

"आई, मी एक काम केलंय. आधी चिडू नकोस."

"म्हणजे चिडण्यासारखंच आहे."

"गाडीची गळती काढायला उद्या माणूस पाठवतेय. बोईसरचा आहे, रामकिसन म्हणून. आमच्या बँकेतल्या साहेबांची जुनी जीप त्यानेच उभी केली. ती तोटीही जुनी झाली असेल, तिच्या जागी सरळ बोल्ट मार म्हणून सांगितलंय."

"अगं, कशाला? गोमाभाऊ बघतात ना."

"तेच तर! सत्तर वर्षांचा माणूस नवापूरहून दोन रिक्षा बदलून रोज येतो. कशाला? कपभर पाणी घालायला! परवा बोईसरला मी त्यांना पाहिलं, आई. रिक्षात चढताना पाय उचलत नव्हता. मला कसंतरीच झालं. गळती थांबली की महिन्यातून एकदा आले तरी पुरे."

मुलीचं काही चुकत नव्हतं. पंचाईत होती ती तीच. चुकलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

"नऊला येईल तो," रूपाली म्हणाली आणि फोन ठेवला.

सुगंधाबाई जिन्यावर बसून राहिल्या. उद्या तो रामकिसन सांगणार, गळती नाहीच. आणि गोमाला कळणार की सहा वर्षं त्याला लहान पोरासारखं खोटं खोटं काम देऊन रिझवलं.

गाडी चौसष्ट सालची फियाट. डॉक्टरांनी एका बागाईतदाराकडून घेतली तेव्हाच ती पंधरा वर्षांची होती. गोमा तिच्या मागोमाग आला. नवापूरच्या मच्छीमाराचा तरणाताठा मुलगा, आणि त्याला होडी लागायची! खाडीबाहेर पडली की पोटात ढवळायचं. गावाने त्याचं जिणं नकोसं केलं होतं. तो डॉक्टरांकडे उलटीचं औषध मागायला आला आणि ड्रायव्हर होऊन राहिला. "औषध नाही रे यावर," डॉक्टर म्हणाले होते, "जमिनीवर राहा."

मग चाळीस वर्षं तो जमिनीवर राहिला. डॉक्टर मागे डुलक्या काढायचे, गोमा गाडी हाकायचा. तारापूर, नवापूर, एडवण, जिथून बोलावणं येईल तिथे. कुठल्या गावात कुठल्या विहिरीचं पाणी गाडीला चालतं हे त्याला पाठ होतं. "खाडीकाठचा पानी मानसाला चालंल, गाडीला नाय चालत," असं तो गंभीरपणे सांगायचा. "गाडीच्या पोटात मीठ धरतं." पुढे इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट आलं तेव्हा तो पावसाचं पाणी बरण्यांत धरून त्यात ते निम्मं निम्मं मिसळायला लागला. औषधाच्या खिडकीत बसून सुगंधाबाई तोवर हजारो माणसांच्या बाटल्या भरत होत्या. त्यामुळे त्या दोघांचं धंद्यातलं बोलणं जुळायचं.

"काठोकाठ भरायचा नाय, बाय," त्याने त्यांना एकदा दाखवलं होतं. थंड गाडीचं झाकण काढून त्याने तर्जनीचं पहिलं पेर आत घातलं होतं. "गळ्यापासून एक बोट खाली. पानी तापला की फुगतो. त्याला जागा नाय ठेवली तर तो आपली जागा आपन करतो, मग सगला बाहेर. कमी ठेवला तर इंजिन जलतं. एक बोट. ना जास्त, ना कमी."

डॉक्टर गेले त्याच्या चौदाव्या दिवशी गोमाने गाडीची चावी टेबलावर ठेवली. "आता गाडी कुठं जानार? बसून पगार मी खानार नाय." सुगंधाबाईंनी पुष्कळ विनवलं. शेवटी तडजोड झाली, सोमवारी येऊन इंजिन चालू करून जायचं. तेवढ्याचेच पैसे.

आठवड्याला एक सोमवार. बाकीचे सहा दिवस घरात भिंतीवरच्या घड्याळाखेरीज कुणी बोलायचं नाही. मग एकदा गाडीची रबरी नळी फुटली आणि गोमा सलग बारा दिवस आला. नळी शोधायला, मिळालेली बसवायला, बसवलेली गळत नाही ना ते बघायला. रोज नऊला. सुगंधाबाई ओटीवर बसून त्याला पेपर वाचून दाखवायच्या, तो नवापूरच्या खबरा सांगायचा. कुणाची होडी विकली, कुणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली. चहा मात्र तो गाडीपाशी उभ्यानेच प्यायचा, बशी मडगार्डवर ठेवून. ओटीवर पेशंटांसाठीचं लांब बाकडं होतं. त्याच्यावर गोमा चाळीस वर्षांत एकदाही टेकला नव्हता. "तिथं पेशंट बसतात. मी कामावर हाय," म्हणायचा.

तेराव्या दिवशी तो आला नाही. गाडी बरी झाली होती.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी सुगंधाबाईंनी पाट, पक्कड आणि औषधाची बाटली घेतली. तोटी गंजून जाम झाली होती. पक्कड सटकली, अंगठा सोलवटला. पण सोमवारी गोमाने झाकण काढून बोट घातलं आणि तो थबकला.

"बाय, पानी कमी झाला."

"अगंबाई! कुठे गेलं?"

"गलत असंल कुठं तरी." त्याने वाकून गाडीखाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "रोज बघाय लागंल."

"बघा बाई," सुगंधाबाई म्हणाल्या होत्या.

सकाळी पावणेनऊलाच रामकिसनची मोटारसायकल फाटकात उभी राहिली. तिशीचा हसरा माणूस, पाठीवर हत्यारांची पिशवी. पाच मिनिटांत गोमा आला. उजवा पाय किंचित ओढत, हातात वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील.

"हा कोन?" त्याने विचारलं.

"रूपालीने पाठवलाय. गळती काढायला."

गोमाने बोंबील सुगंधाबाईंच्या हातात दिले. नेहमीसारखं बॉनेट उघडलं, झाकण काढलं, बोट घातलं. "तीन बोटं खाली," म्हणाला. जिन्याखालचा कॅन आणून त्याने सावकाश पाणी भरलं, थांबला, बोट घातलं, आणखी चमचाभर ओतलं. मग बाजूला होऊन म्हणाला, "आता बघ तुला काय बघायचं ते."

रामकिसनने झाकणाच्या जागी हवेचा छोटा पंप बसवला, दहा-बारा वेळा दाबला. पंपावरच्या घड्याळातला काटा वर चढला आणि तिथेच राहिला. रामकिसनने बिडी ओढली. काटा हलला नाही. सुगंधाबाईंची नजर त्या काट्यावरून निघेना. आयुष्यात त्यांनी पुष्कळ काटे पाहिले होते, तापाचे, रक्तदाबाचे. कुठल्याच काट्याने हलावं म्हणून त्यांनी एवढा धावा केला नव्हता.

"माताजी, लीकेज तो है ही नहीं," रामकिसन म्हणाला. "एक बूँद नहीं. पंप को छोड़ो, इतने साल टपकता तो नीचे फरशी पर दाग होता. देखो, सूखी है."

तो गाडीखाली सरकला. आतून त्याचा आवाज आला. "अरे! ये तोटी देखो. इतनी पुरानी गाड़ी की तोटी जाम रहती है, हथौड़ी मारनी पड़ती है. ये तो मक्खन जैसी घूमती है. पीतल चमक रहा है. इसको तो कोई रोज खोलता है. और ग्रीस भी लगाया है. ताज़ा."

ग्रीस?

सुगंधाबाईंनी तोटीला कधी ग्रीस लावलं नव्हतं. त्यांना एकदम आठवलं: पहिले काही दिवस रोज पक्कड लागायची. मग एका संध्याकाळी तोटी नुसत्या बोटांनी फिरली. त्यांना वाटलं होतं, सवयीने सैल झाली असेल.

त्यांनी गोमाकडे पाहिलं. गोमा कॅनचं बूच लावत होता. लागलेलं बूच पुन्हा लावत होता.

"कौन खोलता है?" रामकिसन अंग झटकत बाहेर आला.

"मी," गोमा म्हणाला.

"आप? क्यों?"

"खाली गंजाचा गाल बसतो. तो काढाय लागतो. रोज कपभर सोडतो. जुनी सवय हाय."

रामकिसन मांडीवर थाप मारून हसला. "क्या चाचा! खुद ही निकालते हो, सुबह खुद ही बोलते हो कम हो गया, और खुद ही भरते हो? छह साल से?"

"हां," गोमा म्हणाला. "वय झाला."

चाळीस वर्षांत ज्याने गाडी एकदाही तापू दिली नाही, तो माणूस बोईसरच्या पोराकडून स्वतःवर हसवून घेत शांत उभा होता. रामकिसनने फोन काढला होता. हात काळे, म्हणून आवाज मोठा करून त्याने फोन बॉनेटच्या कडेवर ठेवला.

"मैडम, लीकेज-वीकेज कुछ नहीं. वो चाचा ही पानी निकालते हैं और भूल जाते हैं."

फोनमधून रूपालीचा उसासा आला. "अरेरे. गोमाकाका? आई, ऐकतेयस ना? बिचारे विसरायला लागले गं. मला वाटलंच होतं. हे बघ, आता त्यांच्या हातात गाडी ठेवू नकोस. कधी रस्त्यावर काढतील. चावी मागून घे, पण गोडीने घे हं. पैसे आपण देत राहू."

गोमा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने सगळं ऐकलं. सदऱ्याच्या खिशातून त्याने चावी काढली आणि आवाज होऊ न देता मडगार्डवर ठेवली, रोज बशी ठेवायचा तिथे.

सुगंधाबाईंना ती टेबलावरची चावी आठवली. त्या वेळी त्यांनी विनवलं होतं, पण खरं कारण सांगितलं नव्हतं.

"रूपाली," त्या म्हणाल्या. "तोटी मी उघडते."

"काय?"

"मी. रोज संध्याकाळी, पाटावर बसून. गोमाभाऊ काही विसरलेले नाहीत. त्यांचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे."

"आई, तू? अगं पण का?"

आपलं हसू कुठे ठेवावं ते रामकिसनला कळेना. तो पिशवीत उगाचच पाने-पकडी चाळवू लागला.

"सकाळी नऊला कुणीतरी यावं म्हणून," सुगंधाबाई म्हणाल्या.

रूपाली बारीक आवाजात म्हणाली, "रविवारी येते मी," आणि थोडं थांबून, "गोमाकाकांना सांग, सॉरी म्हणावं."

"ऐकला गोमाकाकांनी," गोमा फोनला म्हणाला.

रामकिसनने घसा साफ केला. "माताजी, तोटी का क्या करूँ? मैडम ने बोल्ट लगाने को बोला था. फिर पाने के बिना नहीं खुलेगी."

सुगंधाबाईंनी त्या चकचकीत पितळेकडे एकदा पाहिलं.

"लाव," त्या म्हणाल्या. "आता उघडायचं काय काम आहे?"

तोटी काढली तसं सगळंच पाणी परातीत आलं. रामकिसनने बोल्ट घट्ट पिळला, गोमाने परातीतलं पाणी फडक्यातून गाळून परत भरलं. रामकिसनने जुनी तोटी बाईंच्या हातावर ठेवली आणि हत्यारं आवरून तो निघाला. फाटकाशी थांबून गोमाला म्हणाला, "चाचा, गलती हो गई. माफ करना." गोमाने हात हलवला.

अंगणात दोघंच उरले. मनीची पिल्लं परातीकडे निघाली होती. गोमाने आधी परात उचलून नळाखाली धरली.

"कधीपासून माहीत होतं?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"तुमच्या अंगठ्याला पट्टी होती ना, तवापासून."

"म्हणजे पहिल्याच आठवड्यात!"

"तोटीवर पक्कडीचे वरखडे होते. मना वाटला, रोज हात सोलून घेतील. म्हनून ग्रीस लावला." त्याने परात उपडी घातली. "आनि तो कॅन, बाय. सहा वर्सं झाली, पाच लिटरचा कॅन संपत नाय. मी नवापुरात सांगितला असता तर लोकांनी त्याला हार घातला असता."

सुगंधाबाईंना हसू आलं आणि लगेच डोळे पुसावे लागले. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमी पानी सोडायच्या बंद झाल्या असत्या." त्याने ओले हात सदऱ्याला पुसले. "बायको ठकी गेल्यापासून माज्या घरात तरी कोन हाय? पोरगा बोटीवर पंधरा पंधरा दिवस. तुमी पानी काढायच्या, मी भरायचा. दोगांनाबी काम होतं."

"चहा टाकते," त्या म्हणाल्या.

"नको, बाय. आज निगतो."

"चावी उचला. मडगार्डवरून पडेल."

त्याने चावी उचलली, खिशात घातली, आणि पाय ओढत फाटकाबाहेर गेला. उद्या येतो असं तो रोज म्हणायचा. आज म्हणाला नाही.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला सुगंधाबाई सवयीने पाट घेऊन गाडीपाशी गेल्या, आणि पाट तसाच हातात धरून परत आल्या. औषधाची बाटली विसळून त्यांनी फडताळात पालथी ठेवली. शेजारी तोटी.

सकाळी आठपासून त्यांनी चहाचं आधण तीनदा ठेवलं, तीनदा उतरवलं. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. पेपर घडी न मोडता मांडीवर पडून होता. आता गाडीला गरज नाही. मग तो दोन रिक्षा कशासाठी बदलेल? त्याचा पाय दुखतो, रूपालीचं खरंच होतं. त्या स्वतःला असं समजावत असतानाच फाटकाची कडी वाजली.

"रिक्षा मिलली नाय लवकर," गोमा म्हणाला.

तो सरळ गाडीकडे गेला. बॉनेट उघडलं, झाकण काढलं, तर्जनी आत घातली. सुगंधाबाई ओटीवरून बघत होत्या. बोट बाहेर काढून त्याने ते उजेडात धरलं. पहिल्या पेरावर ओल संपली होती, जिथे संपायला हवी तिथेच.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "एक बोट खाली."

झाकण लावलं. फडक्याने बोट पुसलं. बॉनेट खाली घेतलं. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून, काट्यावर नजर ठेवून, त्याने ते बंद केलं. मग तो गाडीपाशी उभा राहिला. भरायला काही नव्हतं. कॅन आणायला जायचं कारण नव्हतं. त्याने मडगार्डवरची धूळ पुसली, पुसलेली पुन्हा पुसली.

सुगंधाबाई आत जाऊन चहा घेऊन आल्या. बशी गाडीकडे न नेता त्या ओटीवरच उभ्या राहिल्या. बोलावलं मात्र नाही.

गोमाने गाडीकडे एकदा पाहिलं. पायरीशी चपला काढल्या, एक पाय, मग दुसरा, हाताने धरून वर घेतला, आणि पेशंटांच्या बाकड्याच्या अगदी टोकाला, कुणाला तरी जागा ठेवावी तसा, टेकला.

त्यांनी बशी त्याच्या हातात दिली. दुसऱ्या हाताला काही काम नव्हतं, म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी धरली.

"वाचा, बाय," तो म्हणाला.

सुगंधाबाईंनी पेपर उघडला.